घरच्या भाषेच्या आधारानं मराठी

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. इतर माध्यमांसाठी बालभारतीची 'सुलभभारती' आणि नववी-दहावीला 'अक्षरभारती' ही पुस्तकं आहेत. पुस्तक एकच असलं, तरी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची मुलं घरून वेगवेगळी शिदोरी घेऊन येतात. ती ओळखली की मराठी शिकवणं सोपं होतं.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या गुजराती मुलाला तिन्ही लिंगं ठाऊक असतात: छोकरो, छोकरी, छोकरुं. त्यामुळे मुलगा, मुलगी, मूल समजावून सांगावं लागत नाही. 'मारुं पुस्तक' म्हणणारा 'माझं पुस्तक' लगेच म्हणतो. ग, म, न ही अक्षरंही शिरोरेघ दिली की ओळखीची वाटतात. अ, ख, ज मात्र गिरवून घ्यावे लागतात.

हिंदी घरातल्या मुलाची लिपी तयार असते. पण हिंदीत लिंगं दोनच आणि पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून तो 'माझी पुस्तक' म्हणतो. ही चूक निष्काळजीपणाची नाही. अशा वेळी लिंगाचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा 'माझं पुस्तक, नवं पुस्तक, फाटलेलं पुस्तक' असं म्हणवून घ्यावं. 'शाळा'ची 'शाला' होते, तिथे 'काळा', 'फळा', 'मळा' सोबतीला द्यावेत. उर्दू माध्यमातही अडचणी साधारण याच. शिवाय तिथे उजवीकडून डावीकडे वाचायची सवय असते, त्यामुळे अक्षरओळखीला जास्त वेळ द्यावा.

तमिळ मुलाला ळ सहज येतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरकही त्याच्या 'नाम' आणि 'नांगळ'मध्ये आहे. तेलुगूत तोच 'मनम' आणि 'मेमु' असा दिसतो. हिंदीत मात्र दोन्हींसाठी 'हम'. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. म्हणून कडी, खडी, गडी, घडी हे शब्द आधी कानांनी ओळखायला लावावेत, मग लिहायला. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन च तर बहुतेक सगळ्यांनाच ऐकून शिकावे लागतात. म्हणून क्रम ठरलेला: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं.

मुलाची ही शिदोरी ओळखण्याची सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या मातृभाषेच्या रकान्यापासून करता येते. तरी मुलाला विचारावंच, कारण रकान्यात कन्नड लिहिलेलं असलं, तरी घरात तुळू बोलली जात असू शकते. २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळांनी जरूर साजरे करावेत. पण तमिळ मुलीनं फळ्यापाशी उभं राहून 'नाम' आणि 'नांगळ'मधला फरक सांगितला आणि मराठी मुलांनी तो ऐकला, तर तो साधा तासही भाषेचा गौरवच आहे. घरच्या भाषेला असा मान मिळालेलं मूल मराठीत चुकायला घाबरत नाही, आणि न घाबरता बोलणाऱ्यालाच भाषा येते.