आत्मभानाचा प्रश्न : कांट, फिक्टे आणि हेगेल

‘मी विचार करतो’ या वाक्यातील ‘मी’चे स्वरूप कोणते, हा प्रश्न जर्मन चिद्वादाच्या मुळाशी आहे. देकार्तने या ‘मी’ला विचार करणारे द्रव्य मानले होते. कांटने ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात (१७८१, सुधारित आवृत्ती १७८७) हे अनुमान तर्काभास म्हणून नाकारले. माझ्या प्रत्येक जाणिवेला ‘मी विचार करतो’ हे पद जोडता आले पाहिजे. एरवी ती जाणीव माझी ठरणारच नाही, हे कांटला मान्य आहे. परंतु हा ‘मी’ म्हणजे जाणिवांना एकत्र आणणारे एकत्व होय. अनुभवात सापडणारी वस्तू नव्हे. अंतःसंवेदनात केवळ बदलत्या अवस्थांचा प्रवाह गवसतो. म्हणून ज्ञाता एक आहे, एवढ्यावरून आत्मा नावाचे अविनाशी द्रव्य आहे, असे सिद्ध होत नाही.

मग या ज्ञात्याला स्वतःचे भान कसे होते? ज्ञाता स्वतःकडे वळतो आणि स्वतःलाच ज्ञानाचा विषय करतो, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. फिक्टेने त्यातील चक्रक दोष ओळखला. वळून पाहणाऱ्यास जे दिसते ते ‘मीच’ आहे, हे त्याला कशावरून कळावे? स्वतःची ओळख आधीच असल्याखेरीज ते कळणार नाही. आणि ती असेल, तर वळून पाहण्याने ती निर्माण झाली असे म्हणता येणार नाही. पुढे अर्न्स्ट माख याने १८८६च्या आपल्या ग्रंथात सांगितलेला प्रसंग येथे उद्बोधक ठरतो. बसमध्ये चढताना समोरून येणारा गबाळा शिक्षक त्याला स्पष्ट दिसला. तो आरशातील आपणच, हे मात्र त्या क्षणी कळले नाही. विषयाचे ज्ञान होते, आत्मभान नव्हते.

विषय होणाऱ्या ‘मी’ला जाणणारा आणखी एक ‘मी’ कल्पिला, तर त्यालाही जाणणारा तिसरा लागेल आणि अनवस्था ओढवेल, हे फिक्टेने १७९७च्या लेखनात दाखविले. तत्पूर्वी, येना येथे अध्यापन करीत असताना १७९४–९५ मध्ये त्याने ज्ञानशास्त्राची मांडणी केली. तीत ‘मी’ ही घडून राहिलेली वस्तुस्थिती नसून कृती आहे, असे तो म्हणतो. त्यासाठी त्याने ‘टाटहांडलुंग’ ही संज्ञा योजली. या कृतीत करणे आणि केल्याचे भान या दोन घटना नाहीत. एखाद्या व्यक्तीच्या मनातून जग निर्माण होते, असा याचा अर्थ लावणे मात्र चुकीचे होय. येथील ‘मी’ ही विशिष्ट व्यक्ती नव्हे.

व्यक्तीचा विचार करताना फिक्टेनेच १७९६ मध्ये दुसऱ्याची आवश्यकता प्रतिपादिली. आपण स्वतंत्र कर्ते आहोत हे मर्यादित जीवाला दुसऱ्या स्वतंत्र जीवाच्या आवाहनामुळे उमगते. हेगेलने १८०७ मध्ये हा विचार पुढे नेला. त्याच्या विवेचनात धनी दासाकडून मान्यता मिळवितो. पण ज्याला तो स्वतः बरोबरीचा मानीत नाही, त्याने दिलेली मान्यता त्याला पुरत नाही. मान्यता परस्पर असेल तरच ती खरी ठरते.

यामुळे फिक्टेने दाखविलेले चक्रक सुटते काय? आवाहन आपल्यालाच उद्देशून आहे, हे ज्याला समजते त्याच्याच बाबतीत ते सफल होते. म्हणजे आत्मभानाचे काही मूळ रूप तेथे गृहीतच असते. डीटर हेन्रिखने १९६६ मधील निबंधात फिक्टेची ही अंतर्दृष्टी पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आणली. तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट आहे. आपण कोण, कोणत्या अधिकाराचे, हे जाणण्यास समाज लागतो. परंतु जे जाणले ते आपल्याविषयी आहे, हे भान समाज बाहेरून देऊ शकत नाही. माणसाविषयीची सर्व माहिती वस्तुरूपाने संकलित केली, तरी त्यांपैकी ‘मी’ कोणता, हा प्रश्न त्या माहितीत उत्तर न सापडता शिल्लक राहतो. मनाच्या कोणत्याही उपपत्तीला या शिल्लक प्रश्नाचा हिशेब द्यावाच लागेल.