करलिलावातलं घर भाड्याने देताना

थकलेल्या मालमत्ता कराच्या वसुलीसाठी अमेरिकेत टेक्सासमधल्या काउंट्या सहसा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घरं लिलावात काढतात. खरेदीदाराला ताब्याचा हक्क मिळतो, घर भाड्यानेही देता येतं. पण जुन्या मालकाचा सोडवणुकीचा, म्हणजे पैसे भरून घर परत घेण्याचा हक्क शिल्लक असतो. राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर खत नोंदल्यापासून 2 वर्षं, इतर मालमत्तांना सहसा 180 दिवस. पहिल्या वर्षी त्याला 25 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के जादा मोजावे लागतात. विमा, गळक्या छपराची डागडुजी असा जपणुकीचा वाजवी खर्च खरेदीदाराला भरून मिळतो. भाडं वाढावं म्हणून थाटलेलं नवं स्वयंपाकघर त्यात धरता येत नाही. जुन्या मालकाने घर सोडवलं, तर नाहक भरडला जातो तो भाडेकरू. सोडवणुकीची मुदत त्याला करारातच लेखी कळायला हवी.