दुर्मीळ पक्षी दिसला, पण पुरावा काय?

समजा, कर्जतजवळच्या एका टेकडीवर भर दुपारी सागाच्या निष्पर्ण फांदीवर एक लहानसे घुबड बसलेले कुणाला दिसले. मोबाइलवर धूसर फोटो निघाला आणि संध्याकाळपर्यंत ‘कर्जतला रानपिंगळा!’ असा संदेश सगळीकडे फिरला. यावर विश्वास ठेवायचा का? हा दावा हसण्यावारी नेता येत नाही. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला आहे आणि तिथून कर्जत-खालापूरचे डोंगर फार लांब नाहीत. पण तो लगेच मान्यही करता येत नाही. याचे कारण या पक्ष्याच्या इतिहासातच आहे.

अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर जगभरच्या संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने जमा झाले. त्यातला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याचा होता. तो आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवला, असे त्याने लिहून ठेवले होते. साहजिकच पक्ष्याची शेवटची नोंद १९१४ ची आणि गुजरातेतली मानली गेली.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी या नमुन्याची तपासणी केली. क्ष-किरण चित्रांतून आणि शिवणीच्या पद्धतीवरून उघड झाले, की तो खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात गोळा केलेला पक्षी होता. माइनर्ट्‌झहागेनने तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली. त्यामुळे शेवटची खरी नोंद १८८४ ची ठरली.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मग अस्सल नमुने जिथून आले, त्याच भागांत शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. त्यांनी आधी एकेक खूण पडताळली, छायाचित्रण केले आणि मगच जगाला सांगितले. ११३ वर्षांनी पक्षी सापडला, तो खोटी नोंद बाजूला सारल्यावर!

खूण पडताळणे एवढे महत्त्वाचे का? गावाकडच्या आंब्या-चिंचेवर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. जंगली पिंगळ्याचे डोके व अंग बारीक आडव्या पट्ट्यांनी भरलेले असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा मधला भाग पांढरा आणि पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. तो दिवसाही वावरतो. पण नुसते ‘दिवसा दिसले’ हा पुरावा नव्हे, कारण इतर दोन्ही पिंगळेही दिवसा दिसतात.

यात एक साधे गणितही आहे. एखाद्या भागात हजार साधे पिंगळे आणि एकच रानपिंगळा आहे, असे धरू. निरीक्षक इतका तरबेज, की शंभरात एकदाच चुकतो. तरी हजार साध्या पिंगळ्यांपैकी दहांना तो रानपिंगळा म्हणेल. म्हणजे त्याच्या अकरा दाव्यांपैकी दहा चुकीचे! निरीक्षक खोटारडा नसतो. पक्षीच दुर्मीळ असतो. म्हणून जितका दावा असाधारण, तितका पुरावा भक्कम लागतो.

‘ई-बर्ड’वर हेच तत्त्व वापरतात. त्या भागात, त्या महिन्यात अनपेक्षित असलेली नोंद आपोआप वेगळी निघते आणि स्वयंसेवक परीक्षक तपशील मागतात. फोटो, आवाजाचे ध्वनिमुद्रण, पक्षी किती अंतरावर व कोणत्या उजेडात होता आणि त्याच्यासारखे इतर पक्षी कशावरून वगळले, हे विचारले जाते. पुस्तक उघडण्याआधी जागेवरच लिहिलेले टिपण अधिक मोलाचे, कारण चित्र पाहिल्यावर आठवणही त्या चित्रासारखी होते. पुरावा अपुरा असेल तर नोंद ‘अनिश्चित’ राहते. तो निरीक्षकाचा अपमान नसतो.

फार्महाऊस आणि नव्या वसाहतींनी वेढल्या जाणाऱ्या कर्जत-खालापूरसाठी हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. खरी नोंद दुर्लक्षित राहिली, तर जंगलाचा एक तुकडा ओळख पटण्याआधीच जाईल. खोटी नोंद मान्य झाली, तर संवर्धनाचे श्रम भलत्याच ठिकाणी खर्ची पडतील आणि पुढच्या खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा फांदीवर असा पिंगळा दिसलाच, तर संदेश धाडण्याआधी त्याच्या माथ्यावरचे ठिपके पाहून घेतलेले बरे.