टाट्रा, हाय
मध्य यूरोपातील कार्पेथियन पर्वतप्रणालीचा सर्वांत उंच भाग आणि गिर्यारोहण, गिरिभ्रमण व स्कीइंग यांचे प्रसिद्ध क्षेत्र. स्लोव्हाकिया व पोलंड यांच्या सरहद्दीवरील टाट्रा पर्वताचा हा पूर्वेकडील विभाग होय. संपूर्ण टाट्रा पर्वताचे क्षेत्रफळ सु. ७८५ चौ. किमी. असून त्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र स्लोव्हाकियात मोडते. हाय टाट्राचा मुख्य कणा अवघा सु. २६ किमी. लांबीचा आहे. गेर्लाखॉव्स्की श्तीत (२,६५५ मी.) हे सर्वोच्च शिखर व लॉम्निट्स्की श्तीत (२,६३४ मी.) ही दोन्ही स्लोव्हाकियात आहेत. सरहद्दीवरील रिसी शिखराचे २,४९९ मी. उंचीचे टोक हे पोलंडमधील सर्वोच्च स्थान होय. आल्प्सच्या तुलनेने ही उंची बेताची असली, तरी उंच पर्वतातील आनंद व धोके हे दोन्ही येथे पुरेपूर आढळतात.

भूरचना व हवामान : हा विभाग मुख्यत्वे ग्रॅनाइट खडकाचा बनलेला आहे. दक्षिणेस पॉप्राड नदीच्या खोऱ्यातून तो पायथ्याच्या टेकड्यांवाचून एकदम वर चढत जातो. आज येथे एकही हिमनदी नाही. तथापि हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या ‘यू’ आकाराच्या दऱ्या, हिमगव्हरे व धारदार कडे जागोजागी दिसतात. टाट्रात शंभरांहून अधिक गिरिसरोवरे आहेत. पोलंडमधील मॉर्स्किए ओको (१,३९५ मी. उंचीवरील) व स्लोव्हाकियातील श्त्रब्स्के प्लेसो ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. सु. १,५०० मी. पर्यंत स्प्रूसची अरण्ये, त्यावर खुरट्या पाइनची झुडपे व त्याहून वर गवत आणि उघडा खडक, असा वनस्पतींचा क्रम आढळतो. उंच घळींत जूनपर्यंत, क्वचित त्यानंतरही, बर्फ टिकून राहते. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळे होतात. त्यामुळे शिखरावरून दुपारपूर्वी उतरणे हा येथील जुना शिरस्ता आहे. पदभ्रमणास जुलै ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा असतो.

इतिहास : इंग्रज प्रवासी रॉबर्ट टाउनसन याने १७९३ मध्ये लॉम्निट्स्की श्तीतवर चढाई केली. त्याच वर्षी दक्षिण पायथ्याशी स्टारी स्मोकोवेत्स या वसतिस्थानाचा पाया घातला गेला. १८७१ मध्ये लोहमार्ग पॉप्राडपर्यंत पोहोचला आणि मूठभर हौशी प्रवाशांचा हा प्रदेश सर्वांसाठी खुला झाला. १८७३ मध्ये हंगेरियन व पोलिश लोकांनी आपापल्या गिर्यारोहण संस्था स्थापन केल्या. त्यांनी वाटा आखल्या व निवारे बांधले. पोलिश बाजूस वैद्य टिटुस खावुबिन्यस्की यांच्या प्रयत्नांमुळे झाकोपाने हे मेंढपाळांचे खेडे आरोग्यस्थान म्हणून नावारूपास आले; १८९९ मध्ये तेथेही लोहमार्ग गेला. मॉर्स्किए ओको परिसराच्या मालकीवरून गॅलिशिया व हंगेरी यांच्यात चाललेला वाद १९०२ मध्ये ग्राट्स येथील लवादाने मिटविला. कास्प्रोवी व्येर्ख (१,९८७ मी.) या शिखरावर १९३६ मध्ये, तर लॉम्निट्स्की श्तीतवर १९४० मध्ये रज्जुमार्ग पोहोचला. २००७ च्या डिसेंबरात दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात सामील झाल्याने सरहद्दीवरील तपासणी संपुष्टात आली.

गिरिभ्रमण व गिर्यारोहण : रंगीत पट्ट्यांनी दर्शविलेल्या पाऊलवाटांचे दाट जाळे हे टाट्राचे वैशिष्ट्य होय. सरोवरांपर्यंतच्या सोप्या फेऱ्यांपासून साखळ्या व शिड्या बसविलेल्या अवघड वाटांपर्यंत सर्व प्रकार त्यांत आहेत. पोलंडमधील ओर्ला पेर्च ही १९०६ मध्ये पूर्ण झालेली कड्यांवरील वाट सर्वांत अवघड मानली जाते; तीवर आजवर शंभराहून अधिक लोकांनी प्राण गमावले आहेत. रिसीवर दोन्ही देशांतून वाटा जातात. त्यांपैकी दक्षिणेकडील वाट सोपी, तर उत्तरेकडील साखळ्यांची व अधिक उभी आहे. गेर्लाखॉव्स्की श्तीतवर आखलेली वाट नाही. सामान्य प्रवाशास परवानाधारक वाटाड्याबरोबरच तेथे जावे लागते. उंचावरील पर्वतकुटींपैकी तेरीहो खाता ही १८९९ मध्ये उघडण्यात आली, तर खाता पॉद रिसमी (२,२५० मी.) ही सर्वांत उंच आहे. या कुटींना लागणारे अन्न व इंधन हमाल आजही पाठीवर वाहून नेतात.

हिमालयातील पोलिश व स्लोव्हाक मोहिमांची पूर्वतयारी मुख्यतः याच कड्यांवर झाली. १९३९ मध्ये नंदादेवी पूर्व (७,४३४ मी.) या भारतातील शिखरावर प्रथम पोहोचणारे याकुब बुयाक व यानुश क्लार्नर हे पोलिश गिर्यारोहक होते. हिवाळ्यात टाट्राचा संपूर्ण मुख्य कणा सलग पार करण्याचा पहिला पराक्रम आंजेय झावादा यांच्या तुकडीने १९५९ मध्ये केला. त्यांच्याच नेतृत्वाखालील मोहिमेतील लेशेक चिखी व क्शिश्तॉफ व्येलित्स्की यांनी १७ फेब्रुवारी १९८० रोजी एव्हरेस्टची पहिली हिवाळी चढाई यशस्वी केली. हिवाळी गिर्यारोहणातील पोलिश परंपरेचे मूळ अशा रीतीने या लहानशा पर्वतात आहे.

स्कीइंग : झाकोपाने, श्त्रब्स्के प्लेसो व टाट्रान्स्का लॉम्नित्सा ही प्रमुख केंद्रे होत. नॉर्डिक स्कीइंगच्या जागतिक स्पर्धा झाकोपाने येथे १९२९, १९३९ व १९६२ मध्ये, तर श्त्रब्स्के प्लेसो येथे १९७० मध्ये भरल्या. उतरंडीची लांबी व सोयी यांबाबत आल्प्सची बरोबरी मात्र येथे होत नाही.

धोके व बचावकार्य : पायथ्यापर्यंत रेल्वे आणि वर साखळ्यांचा आधार असल्याने पर्वत सोपा वाटतो, बहुतेक अपघातांचे मूळ या समजुतीत असते. पोलिश संगीतरचनाकार म्येचिस्वाव्ह कार्वोविच हे ८ फेब्रुवारी १९०९ रोजी स्कीइंग करीत असता हिमलोटाखाली मरण पावले. या घटनेने बचावसंघटनेच्या मागणीस जोर आला व त्याच वर्षी पोलिश बाजूस स्वयंसेवकांचे बचावदल स्थापन झाले. २८ जानेवारी २००३ रोजी रिसीच्या उतारावर हिमलोट कोसळून एका शालेय गटातील आठ जण दगावले. ग्येवोन्त हे टाट्राच्या पोलिश भागातील लोखंडी क्रूस असलेले शिखर. २२ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच्या परिसरात विजा कोसळून चौघांचा मृत्यू झाला व दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले. पोलंडमध्ये सुटकेचा खर्च अपघातग्रस्तास द्यावा लागत नाही. स्लोव्हाकियात मात्र २००६ पासून तो त्याच्याकडून वसूल केला जातो, म्हणून तेथे विमा उतरविणे आवश्यक ठरते. पॉप्रादस्के प्लेसो सरोवराजवळ पर्वतात मृत्यू पावलेल्यांचे स्मृतिस्थान आहे.

संरक्षण : स्लोव्हाक बाजूस १९४९ मध्ये व पोलिश बाजूस १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९९२ मध्ये युनेस्कोने दोन्हींना मिळून जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. दोन्ही देशांत आखलेली वाट सोडून हिंडण्यास मनाई आहे. स्लोव्हाकियात कुटींच्या वरील वाटा १ नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असतात, तर पोलंडमधील बहुतेक वाटा हिवाळ्यातही खुल्या असतात. टाट्रातील शॅमॉय (रानबोकडासारखा प्राणी) ही केवळ येथेच मूळची असलेली उपजाती होय. तिची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या काही शेकड्यांवर आली होती. कडक संरक्षणामुळे पुढे ती एक हजाराच्या वर गेली. १९ नोव्हेंबर २००४ च्या झंझावाताने स्लोव्हाक उतारावरील १२,००० हेक्टरांहून अधिक अरण्य भुईसपाट केले. एकसुरी स्प्रूसच्या लागवडीचा दुबळेपणा त्यातून उघड झाला. उन्मळलेली झाडे हलवावी की निसर्गावर सोडावे, यावर तेथे दीर्घकाळ वाद चालला.

एकट्या पोलिश उद्यानास अलीकडे वर्षाला ४० लाखांहून अधिक लोक भेट देतात. सु. २१० चौ. किमी. च्या क्षेत्रास हा भार जड आहे. हिमालयात गर्दी विस्तीर्ण प्रदेशात विखुरली जाऊ शकते. टाट्रात दुसरी दरीच शिल्लक नसते. म्हणून येथील बंद वाटा व ऋतुबंधने प्रवाशास जाचक वाटली, तरी ज्या निवांत उंचीसाठी तो येतो, ती उंची त्यांच्यामुळेच टिकून आहे.