अडकलेलं वर काढताना

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडला टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. त्या परिसरात सुपारी-जायफळाच्या आकाराचे गोलसर दगडी खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, त्याचेच हे खडे, अशी दंतकथा आहे. भूवैज्ञानिक त्यांना झिओलाइट म्हणतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली, आणि भोवतालचा खडक झिजल्यावर हे गोळे मोकळे झाले. बोअरवाल्याला मात्र या खड्यांतून तिसरीच गोष्ट कळते. ज्या थरात असे खडे भरलेले असतात तो थर बहुधा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, आणि अशाच थरात रॉड अडकतो.

बोअरच्या गाडीचं काम कसं चालतं ते आधी पाहू. सहसा दोन ट्रक येतात. एकावर मनोरा आणि रॉड, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. त्यांच्या पाट्यांवर तामिळनाडूचा नंबर दिसला तर नवल नाही, कारण नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं देशभर माहीत असलेलं गाव आहे. रॉडच्या टोकाला हॅमर आणि हॅमरच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडच्या गोट्या बसवलेलं बिट असतं. पोकळ रॉडमधून दाबाची हवा खाली जाते, हॅमरमधला दट्ट्या वरखाली करते, दट्ट्या बिटावर आपटतो आणि खडकाचा भुगा होतो. वापरलेली हवा रॉडच्या बाहेरच्या बाजूने तो भुगा घेऊन वर येते. भोक साडेसहा इंची आणि रॉड साडेचार इंची धरला, तर रॉड आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी जेमतेम इंचभर जागा उरते. ती मोकळी असेपर्यंतच काम सुरळीत चालतं.

दख्खनचा बेसाल्ट एकसंध नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकामागून एक वाहत आला. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, तर वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला असतो. दोन प्रवाहांच्या सांध्यात कुठे कुठे मऊ तांबडा थर असतो. या सगळ्याची जाडी जागोजागी बदलते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या ६१७ मीटरच्या विवरात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला. कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किलोमीटरपर्यंत पोचलेल्या विवरात तो १,२४७ मीटर भरला. गिरड या काळ्या पठाराच्या पूर्व कडेजवळ आहे. थोडं पुढे उमरेडला गेलं की कोळशाचे जुने खडक लागतात.

रॉड अडकण्याची कारणं मोजकीच आहेत. हॅमर घट्ट पाषाणात खाली गेला आणि वरचा ठिसूळ थर ढासळला, तर इंचभर जागेत खडे पाचरीसारखे बसतात. मोठी भेग लागली आणि हवा तिच्यातच निघून गेली, तर भुगा वर येत नाही आणि हॅमरच्या डोक्यावर साचतो. पाणी नुकतंच, थोडंसं लागलेलं असेल तर भुग्याचा चिखल होऊन भिंतीला त्याचं कडं जमतं आणि रॉड त्यात रुततो. पाणी लागल्याचा आनंद वरती सुरू असतानाच खाली हे घडतं.

अशा वेळी जोर लावून ओढायचा मोह होतो. जाणता ऑपरेटर तसं करत नाही. तो हवा चालू ठेवतो, थोडं पाणी आणि फेस सोडतो, रॉड फिरवत ठेवतो, आणि चार बोटं वर, चार बोटं खाली असं हलवत राहतो. अडकलेला रॉड बहुतेक वेळा खाली जायला राजी असतो. खाली गेला की खडे सुटतात आणि मग तो वर येतो. नुसता वर ओढला तर पाचर आणखी घट्ट होते. दुसरी खबरदारी रॉड उलटा न फिरवण्याची. रॉडचे आटे उजवे असतात. उलटा फिरवला तर वीस फुटी रॉडांचा एखादा सांधा खालीच सुटतो आणि अर्धी माळ विवरात राहते. तसं झालंच, तर निमुळता, आटे पाडलेला पोलादी टॅप सोडतात. तो खालच्या रॉडच्या पोकळ तोंडात फिरवत घट्ट बसवायचा आणि मग पुन्हा हवा, हालचाल, धीर.

तरीही नाही निघालं तर हॅमर जमिनीला देऊन गाडी काही फुटांवर नवं भोक पाडते. जुनं भोक उघडं टाकणं हा गुन्ह्याइतकाच गंभीर निष्काळजीपणा आहे. सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळू-दगडांनी भरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

आता हाच प्रसंग समुद्रात नेऊ. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल शोधलं. तिथला मुख्य तेलसाठा समुद्रतळाखालच्या चुनखडकात, साधारण १,३०० ते १,४०० मीटर खोल आहे. त्या समुद्रात कित्येक ठिकाणी आणखी खाली गेलं की आपला दख्खनचा बेसाल्टही भेटतो. इथे हवेऐवजी चिखल वापरतात. बेंटोनाइट, बॅराइट आणि रसायनं घालून जड केलेलं हे द्रव नळीतून खाली जातं आणि बाहेरून भुगा घेऊन वर येतं. नळ्यांच्या टोकाशी बिट, त्यावर जाड भिंतीचे कॉलर, आणि कॉलरच्या पोटात मोजमापाची उपकरणं. विवर कुठल्या दिशेने वळतंय हे सांगणारं उपकरण चिखलात दाबाचे ठोके पाठवून वर निरोप देतं. दुसरी उपकरणं खडकाची घनता आणि सच्छिद्रता मोजतात, त्यासाठी त्यांच्यात सीझियम-१३७ आणि अमेरिशियम-बेरिलियम हे किरणोत्सारी स्रोत असतात. गिरडच्या हॅमरची किंमत या सामानाच्या जवळपासही जात नाही.

इथे नळी अडकण्याचं एक कारण असं आहे, जे हवेच्या बोअरमध्ये नसतंच. चिखलाचा दाब मुद्दाम खडकातल्या दाबापेक्षा जास्त ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं तेल उपसलेल्या चुनखडकात आतला दाब उतरलेला असतो, म्हणून हा फरक आणखी वाढतो. नळी थोडा वेळ स्थिर राहून भिंतीला टेकली की चिखल तिला खडकावर दाबून धरतो. हौदाचं बूच काढल्यावर फडकं वाहत जाऊन तोंडावर घट्ट बसतं, तसंच. आकडा करून पाहा. दाबातला फरक चौरस सेंटिमीटरला ७० किलो, आणि नळी साडेसात सेंटिमीटर रुंदीने १० मीटर लांब टेकलेली. म्हणजे ५२५ टनांचा जोर. घर्षण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं धरलं तरी ती सोडवायला पन्नासेक टन जादा ओढ हवी, आणि हे फक्त १० मीटरचं झालं.

म्हणून रिगवरचा ड्रिलर आधी तीन प्रश्न विचारतो. अडकली तेव्हा नळी हलत होती की थांबलेली? आता ती फिरते का? चिखल फिरतोय का? थांबलेली असताना अडकली आणि चिखल सुरळीत फिरतोय, तर दाबाचा खेळ. हलताना अडकली आणि पंपाचा दाब चढला, तर भुगा किंवा ढासळलेला खडक. फक्त वर येताना अडकते आणि चिखल मोकळा आहे, तर वळणावर नळीने घासून पाडलेल्या खाचेचा संशय. उत्तराप्रमाणे उपाय बदलतो. दाबाने चिकटली असेल तर चिखल हलका करतात, त्या जागी तेलाचा लोट नेऊन मुरवतात. खडक चुनखडीचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लही सोडता येतं, ते नळीमागचा खडकच थोडा खातं. जोडीला जार असतो. नळीतलंच हे एक उपकरण, ओढ देऊन ताणायचं आणि एका क्षणी सुटून घणासारखं आपटू द्यायचं. भुग्यात रुतलेल्याला आधी खाली ठोकायचं, हे गिरडच्या ऑपरेटरला कुणी सांगायला नको.

जार तासन्‌तास चालवूनही नळी सुटली नाही की विचार बदलतो. आता नळी कापायची किंवा सोडवायची, म्हणजे खालचा भाग तात्पुरता तरी विवरात ठेवायचा. पण त्याआधी आतलं सामान काढून घ्यायचं. या क्रमाला महत्त्व आहे. नळी अजून अखंड आहे तोवर तिच्या पोटातून वरपासून उपकरणापर्यंत सरळ रस्ता आहे. एकदा नळी मध्ये सुटली की खालच्या तुकड्याचं तोंड विवरात कुठेतरी भिंतीला टेकून राहतं आणि वरून सोडलेल्या तारेला ते सापडेलच असं नाही.

सगळीच उपकरणं अशी निघत नाहीत. काही कॉलरच्या भिंतीतच बांधलेली असतात, ती नळीबरोबरच येतील किंवा राहतील. काढता येणाऱ्या उपकरणाच्या डोक्यावर, तारेवरच्या पकडीने धरता यावा असा, भाल्याच्या टोकासारखा दांडा असतो, आणि काही यंत्रांत किरणोत्सारी स्रोतही अशाच दांड्याला जोडून ठेवलेले असतात. नळीच्या तोंडावर दाब रोखणारी जोडणी बसवतात, म्हणजे तार आत जाईल पण चिखल उसळून बाहेर येणार नाही. मग तारेवर आधी नुसती मापाची कडी सोडतात. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा जारची की दुसऱ्या कुठल्या जोडाची, आणि पकड तिथून उतरेल का, हे तिने कळतं. ती सुखरूप परतली की पकड खाली जाते. टोकावर टेकली की वरच्या काट्यावर तारेचा ताण कमी होतो. हळूच उचललं की ताण वाढतो, आणि तो उपकरणाच्या वजनाएवढा जादा दिसला तर पकड बसली.

अडचण बहुधा इथे येते. चिखल फिरायचा थांबला असेल तर त्यातला बॅराइट हळूहळू खाली बसतो आणि नेमका उपकरणाच्या डोक्यावर साचतो, पकड दांड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून चिखल फिरतोय तोवर फिरवत राहायचा, आणि तारेचा निर्णय लांबवायचा नाही. तारेच्या टोकाशी मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो. ताण वाढला तर तोच तुटावा, तार मधेच तुटू नये. हजारो फूट तारेचं वेटोळं नळीत पडलं तर अडकलेल्या नळीच्या जोडीला दुसरं संकट येतं. पकडीतही सोडण्याची सोय असते. ठरावीक झटका दिला की तिची खीळ तुटते आणि ती रिकामी वर येते.

सामान वर आलं, आता नळी. कुठपर्यंत मोकळी आहे? पोलाद ओढलं की लांबतं, आणि किती लांबतं त्यावरून मोकळी लांबी निघते. पाच इंची नळीच्या पोलादाचा छेद सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर असतो. २० टन जादा ओढीने ती ५० सेंटिमीटर लांबली, तर वरच्या सुमारे १,८०० मीटर भागानेच ताण घेतला, त्याखाली ती धरलेली आहे. हा ढोबळ हिशेब. नेमकं ठिकाण तारेवरचं संवेदक उपकरण ठरवतं. ते नळीच्या आत दोन जागी टेकतं, आणि वरून ओढलं-पिळलं तर त्या दोन जागांमध्ये ताण पडतो की नाही ते सांगतं.

मग अडकलेल्या जागेच्या थोडा वरचा सांधा निवडतात. नळीला उलटा पीळ देऊन धरतात, त्या सांध्यावर ना ओढ ना भार अशी स्थिती आणतात, आणि तारेवरून सोडलेली स्फोटक दोरी नेमकी तिथे उडवतात. धक्क्याने तोच सांधा ढिला होतो, बाकीचे नाहीत. गिरडला ज्याला चूक म्हणतात, ती उलटी फिरकी इथे मोजूनमापून, एकाच सांध्यावर करतात. खाली राहिलेल्या तुकड्याला रिगवर ‘फिश’ म्हणतात. अडकलेल्या जागेच्या वर एखादी मोकळी नळी मुद्दाम त्याच्यावर ठेवतात, म्हणजे पुढच्या पकडीला धरायला जागा राहते.

सांधा नीट सुटला असेल तर जार आणि जड कॉलर लावलेली नवी माळ पुन्हा त्याच आट्यांत फिरवून बसवतात. नळी तुटलेली असेल तर तिचं तोंड कसं आहे ते पाहायला शिशाचा ठोकळा दाबून ठसा घेतात, फाटलेली कड घासून काढतात, आणि बाहेरून आवळणारी पकड घालतात. भुगा भोवती दाटला असेल तर मोठ्या व्यासाची नळी फिशच्या बाहेरून फिरवत, भुगा कोरत खाली नेतात.

हे किती दिवस चालवायचं? यशाची शक्यता किती, खालच्या सामानाची आणि बाजूने नवं विवर काढण्याची मिळून किंमत किती, आणि रिगचं रोजचं भाडं किती, या तिन्हींचं गणित रोज सकाळी नव्याने मांडतात. शक्यता दिवसागणिक घसरते, भाडं मात्र तेच राहतं. माझ्या मते या धंद्यातलं अवघड काम हेच आहे, कारण तीन दिवस खर्ची घातल्यावर चौथा दिवस कुणाला सोडवत नाही.

किरणोत्सारी स्रोत खालीच राहिला असेल तर गणिताने सुटका होत नाही. आपल्याकडे अशा स्रोतांवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. सीझियमची तीव्रता ३० वर्षांत निम्मी होते, अमेरिशियमची सुमारे ४३२ वर्षांत. जगभर रूढ असलेली रीत अशी की फिशवर सिमेंट ओतून तो कायमचा जखडायचा. पुढे कुणी नकळत तिथे खणलंच, तर वर येणाऱ्या भुग्याचा रंग पाहून थांबावं म्हणून सिमेंटमध्ये लाल रंग मिसळतात. त्यावर बिटाला बाजूला वळवणारी पोलादी पाचर बसवतात. विहिरीच्या तोंडाशी एक कायमची पाटी ठोकतात. तिच्यावर स्रोत कोणता, तीव्रता किती, किती खोलीवर आहे, कधी सोडला आणि तिथे पुन्हा विवर खणू नये, हे कोरलेलं असतं. मग त्या पाचरीवरून बिट बाजूला वळतं आणि नवं विवर सुरू होतं.