नातेपुते मंडळाचा पाऊस मंत्रालयात कसा पोहोचतो?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि जिल्ह्यातील पहिला मुक्काम नातेपुत्याला होतो. स्वागताला उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास असतो : यंदा पेरणीजोगा पाऊस झाला की नाही? या प्रश्नाचे सरकारी उत्तर आता आभाळाकडे पाहून दिले जात नाही. माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे एक महसुली मंडळ आहे. राज्य शासनाने 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसुली मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांच्या नोंदी तेथून थेट संगणकावर जातात. त्या नोंदींचे पुढे काय होते, हे मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही.

पहिला उपयोग विम्याचा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत डाळिंबाच्या बागेचा पंचनामा होत नाही. ठरलेल्या काळात पावसाचा खंड किंवा अतिवृष्टी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याची नोंद संदर्भ केंद्रावर झाली, तरच भरपाई मिळते. म्हणजे बागेत काय घडले यापेक्षा केंद्रावर काय नोंदले गेले याला महत्त्व. ज्याची बाग केंद्रापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक साधा नाही.

दुसरा उपयोग दुष्काळ ठरविण्याचा. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार प्रथम पावसाची तूट आणि खंड पाहिला जातो. त्यानंतर उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि भूजल हे निर्देशांक तपासले जातात. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. महाराष्ट्रात हे काम 'महामदत' या संगणक प्रणालीच्या साहाय्याने चालते. शास्त्रज्ञांची मोजमापे आणि मंत्रालयातील निर्णय यांना जोडणारा हा पूल आहे, आणि २०२३ साली त्याची चांगलीच परीक्षा झाली.

त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एप्रिलमध्ये हवामान विभागाने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल असे म्हटले होते. प्रत्यक्षात सुमारे ९४ टक्के पडला. देशाच्या पातळीवर अंदाज फारसा चुकला नाही. पण माळशिरसच्या शेतकऱ्याला देशाच्या सरासरीचे करायचे काय? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यांत माळशिरसचा समावेश होता. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी, हे सारे त्या एका यादीवर अवलंबून होते. साहजिकच वगळलेल्या भागांतून ओरड झाली. दहा-बारा दिवसांतच शासनाने निकष बदलून, ज्या मंडळांत जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी होता, अशा १,०२१ मंडळांना दुष्काळसदृश परिस्थितीच्या सवलती दिल्या.

पाऊस तोच, आकडेही तेच. बदलले ते मोजण्याचे एकक, तालुक्याऐवजी मंडळ. मंडळनिहाय आकडे अगोदरपासून उपलब्ध होते. निर्णयाची चौकट मात्र तालुक्याची होती. शास्त्रज्ञ आणि धोरणकर्ते यांच्यातील दरी म्हणतात ती बहुधा अशीच असते. माहिती नसते असे नाही. ती ज्या मापात हवी, त्या मापात कोणी मागितलेली नसते.

मंडळ हे एककही सर्व शंका मिटवत नाही. माळशिरस तालुक्याचा काही भाग नीरा उजव्या कालव्यावर भिजतो. कालव्याचे पाणी येते वीर धरणातून, आणि ते भरते सह्याद्रीत भोरच्या बाजूला पडणाऱ्या पावसावर. शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडचा मुरमाड भाग मात्र आपल्याच आभाळावर विसंबून असतो. एकाच तालुक्यात एकीकडे ऊस उभा आणि दुसरीकडे टँकर, हे दृश्य सोलापूरकरांना नवे नाही. पर्जन्यमापकाला ते दिसत नाही. पावसाच्या आकड्याशेजारी कालव्याचे आवर्तन आणि विहिरींची पातळी मांडली, तरच तो आकडा तहसीलदाराच्या उपयोगाचा होतो.

काळाचा मेळ न बसण्याचे उदाहरणही सोलापूरचेच आहे, कृत्रिम पावसाचे. राज्य शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ अशा तीन टंचाईच्या वर्षांत ढगांवर फवारणीचे प्रयोग केले. २०१९ साली त्यासाठी ३० कोटी रुपयांची तरतूद होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ढगांचा शास्त्रीय अभ्यास २००९ पासून हाती घेतला होता. त्यातील फवारणीच्या प्रयोगांचा अखेरचा टप्पा सोलापूर परिसरात झाला. रडार, पर्जन्यमापकांचे जाळे आणि विमाने यांच्या मदतीने फवारणी केलेले आणि न केलेले ढग ताडून पाहिले गेले. निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते २०२३ साली. योग्य ढग मिळाल्यास वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत अधिक पाऊस पडला, असे त्यांत म्हटले आहे. खर्च लिटरमागे १८ पैसे.

यांतील 'योग्य ढग मिळाल्यास' हे तीन शब्द महत्त्वाचे. ऐन दुष्काळात तसे ढग कमीच असतात, आणि मागणी नेमकी तेव्हाच होते. शास्त्रज्ञाला उत्तर शोधण्यास चौदा वर्षे लागली. मंत्र्याला ते ऑगस्टमधल्या एका आठवड्यात हवे होते. दोघांपैकी कोणालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. तरीही फवारणीचा निर्णय आधी आणि पुरावा नंतर, हा क्रम राज्याला परवडणारा नव्हता.

जुन्या काळी हा क्रम सुलटा असल्याचे याच जिल्ह्यात दिसते. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी तेथे बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांची पद्धत बसविली. मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने तिचा प्रसार केला आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीसारख्या कामांना कायद्याचे बळ दिले. तेव्हा संगणक नव्हते. शास्त्रज्ञ आणि अंमलदार एकाच खात्याचे होते, एवढेच.

आज माहितीची वाण नाही. भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचा अहवाल केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केला आणि तो संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, असे त्यात नमूद आहे. अहवाल इंग्रजीत आहे, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत तो उघडून ठेवलेला असेल अशी कल्पना करणे कठीण आहे.

ही कामे जोडणारी माणसे जिल्ह्यात हवीत. देशभरात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे त्यासाठीच उभी राहिली होती. हवामान विभागाचा अंदाज घेऊन स्थानिक पिकांसाठी सल्ला तयार करणे हे त्यांचे काम. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ती बंद करण्यात आली. त्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ग्रामपंचायत पातळीवरील हवामान अंदाज 'ई-ग्रामस्वराज' आणि 'मेरी पंचायत' यांवरून देण्यास केंद्राने सुरुवात केली. अंदाज गावापर्यंत आला. त्याचा अर्थ सांगणारा मात्र जिल्ह्यातून गेला. खुद्द नातेपुते तोवर ग्रामपंचायत राहिलेले नव्हते, तेथे नगरपंचायत आली होती. आसपासच्या गावांच्या ग्रामपंचायतींत हा अंदाज रोज कोण उघडतो, आणि पेरणीच्या आठवड्यात तो चावडीवर कोण वाचून दाखवतो, याची विचारपूस यंदाच्या पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या बैठकीत करता येईल.