खानदेशी फडातील 'नंबर' आणि त्यावरचे वाद

कुस्तीच्या फडात 'नंबर' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. फडाच्या कार्यक्रमात एखादी कुस्ती कितवी मानली गेली आहे, हा त्याचा पहिला अर्थ, आणि त्या स्थानावरून पंचक्रोशीत ठरणारी मल्लाची पत, हा दुसरा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत, म्हणजे 1906 साली विभागल्या गेलेल्या जुन्या खानदेश जिल्ह्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांत, हे दोन्ही अर्थ अनेक पिढ्या एकमेकांत मिसळून राहिले. 'तो आता दोन नंबरला खेळतो' एवढे एक वाक्य ऐकले की तालमीतल्या माणसाला त्या मल्लाचे वय, त्याचा खुराक, त्याला मिळणारे इनाम आणि त्याच्या पुढच्या दोन वर्षांचा अंदाज या सगळ्यांची कल्पना येत असे. चढत्या मल्लांची ही क्रमवारी कशी लागत होती, हंगामाच्या मध्यावर तिच्यावरून वाद का पेटत होते आणि गेल्या साठेक वर्षांत ती कोणत्या वळणांनी बदलली, हे पाहिले म्हणजे या भागाने आपले उमदे मल्ल कसे ओळखले आणि कसे गमावले, त्याचाही उलगडा होतो.

खानदेशातील कुस्त्यांचा हंगाम शेतीच्या पाठोपाठ चालतो. पावसाळ्यात तालमी भरतात आणि मेहनत होते, दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागला की गावोगावच्या यात्रांचे फड सुरू होतात आणि अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते चालू राहतात. पौष आणि माघ हा या हंगामाचा मध्य होय. तोवर प्रत्येक चढता मल्ल काही कुस्त्या खेळलेला असतो, परंतु चैत्र-वैशाखातील मोठ्या यात्रा अजून पुढे असतात, आणि म्हणूनच झालेल्या कुस्त्यांवरून पुढच्या फडांचे नंबर ठरवण्याची घाई याच काळात सुरू होते. गावची कुस्ती समिती लोकवर्गणीतून जमलेली रक्कम पाहून हँडबिल छापते. त्यावर सर्वांत वर एक नंबरची, म्हणजे सर्वाधिक इनामाची जोड असते आणि तिच्याखाली दोन, तीन, चार अशा उतरत्या क्रमाने बाकीच्या जोडी येतात. प्रत्यक्ष फडात मात्र क्रम उलटा असतो, कारण दुपारी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि एक नंबरची कुस्ती उन्हे कलल्यावर सर्वांत शेवटी लागते. रेवड्यांपासून निघालेला मुलगा हँडबिलावर नावाने छापला जाणे हा त्याच्या आयुष्यातील पहिला मोठा टप्पा असे, आणि तीन नंबरवरून दोन नंबरवर जाणे हा दुसरा.

एक नंबरच्या जागेवर बहुधा फारसा वाद होत नसे, कारण तेथे येणारे मल्ल आधीच नाव कमावलेले असत आणि अनेकदा बाहेरगावचे असत. खरा वाद मधल्या जागांचा असे. सतरा ते एकवीस वर्षांचे जे मल्ल दोन, तीन आणि चार नंबरांच्या आसपास घुटमळत, त्यांच्यातील वरचढ कोण, यावर वस्ताद, पंच, वर्गणीदार आणि जुने मल्ल यांच्यात हमरीतुमरीपर्यंत चर्चा चाले. या वादात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत गुंतत. आज हे दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा एक प्रश्न होता. आणखी तीन वर्षांनी यांपैकी कोण मोठा मल्ल झालेला असेल, हा दुसरा. अंगाने लवकर भरलेला मुलगा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरे, तर अजून हाडाने वाढत असलेला, पण हातात डाव असलेला आणि दम न सोडणारा मुलगा दुसऱ्याचे. 'हाऊ पोऱ्या पुढे जाई' असे अहिराणीत म्हटले जाते तेव्हा बोलणारा या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, आणि समोरचा बहुधा पहिल्याच प्रश्नाला धरून त्याचे म्हणणे खोडत असतो. तालमीतले निम्मे वाद मिटत नसत ते याच कारणाने.

जोड लावण्याची रीत पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. जोड लावणे म्हणजे बरोबरीचे दोन मल्ल ठरवणे. पंच दोन्ही मुलांना हौद्याच्या, म्हणजे मऊ तांबड्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला खांद्याला खांदा लावून उभे करतात. उंची डोळ्यांनी मोजली जाते, पण अनुभवी पंच उंचीवर फार वेळ घालवत नाही. तो मनगट हातात घेऊन हाडाची जाडी पाहतो, मानेमागे हात ठेवून ती किती भरली आहे हे चाचपतो, मांडीवर थाप मारतो आणि शेवटी कान बघतो. वर्षानुवर्षे मातीत डोकी घासून कानाची पाळी सुजते, आतले रक्त गोठते आणि कान कायमचा चुरगळलेला दिसतो. अशा कानाला 'तुटलेला कान' म्हणतात. तुटलेल्या कानाचा मुलगा दिसायला लहान असला तरी तो जुना खेळाडू आहे, हे पंचाने ओळखायचे असते, नाहीतर वजनदार पण कोरा मुलगा त्याच्यासमोर उभा केला जातो आणि दोन मिनिटांत कुस्ती संपते. जोड ठरल्यावरही तिला आव्हान देण्याची मुभा असे. ज्याला आपला नंबर खाली लागला असे वाटे, तो लंगोट कसून हौद्याभोवती फेरी मारी, शड्डू ठोकी आणि उघडपणे जोड मागे. प्रेक्षकांतून कोणी उठले तर कुस्ती लागे आणि वर्गणीदार जागच्या जागी इनाम बोलत. छापलेल्या क्रमवारीला त्याच दिवशी, त्याच मातीत खोटे पाडता येणे हे या पद्धतीचे खरे बळ होते, आणि तिच्या साऱ्या उणिवा मान्य करूनही या एका गुणासाठी तिचे मोल मोठे मानावे लागते.

उणिवाही थोड्या नव्हत्या. वर्गणी देणाऱ्या घराचा मुलगा एक पायरी वर छापला जाई, नावाजलेल्या तालमीच्या शिष्याला झुकते माप मिळे आणि आडगावचा मल्ल कितीही चांगला असला तरी पंचांच्या नजरेत यायला त्याला दोन-तीन हंगाम लागत. कुस्ती बरोबरीत सोडवली गेली तर दोन्ही बाजू आपलाच मल्ल वरचढ होता असे वर्षभर सांगत राहत. निकाल फक्त चितपटीने, म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकल्यावरच लागत असल्याने बचाव करून वेळ काढणाऱ्याचा नंबर घसरत नसे, आणि सतत चढाई करणाऱ्याच्या पदरात मात्र काही पडत नसे.

क्रमवारीचे असे वाद जगातील दुसऱ्या एका खेळात अगदी वेगळ्या वातावरणात चालतात, आणि त्यांची तुलना येथे उपयोगी पडते. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये वरच्या पातळीवरील 30 संघांच्या हाताखाली चढत्या पायऱ्यांचे छोटे संघ असतात. 2021 पासून ही संख्या प्रत्येकी चार, म्हणजे एकूण 120 इतकी ठरलेली आहे. या छोट्या संघांतील होतकरू खेळाडूंच्या याद्या नियतकालिके प्रसिद्ध करतात. 1981 साली सुरू झालेले 'बेसबॉल अमेरिका' 1990 पासून शंभर जणांची यादी देत आले आहे आणि हंगामाच्या मध्यावर त्या यादीची फेरमांडणी होते. तेथील पारखी माणसे खेळाडूचा प्रत्येक गुण 20 ते 80 या पट्टीवर मोजतात आणि आजचा गुण व उद्या गाठता येईल तो गुण असे दोन आकडे वेगळे लिहितात. खानदेशातील तालमीत जे दोन प्रश्न एकाच वाक्यात मिसळले जात होते, ते तेथे कागदावर निराळे केलेले आहेत. तरीही चुका टळलेल्या नाहीत. माइक पियाझा हा खेळाडू 1988 च्या निवडीत 62 व्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर घेतला गेला आणि पुढे त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. वाढत्या वयाच्या शरीराचा अंदाज बांधणे हे काम आकड्यांनीही फार सोपे होत नाही.

महाराष्ट्राच्या कुस्तीतही निवडीला आव्हान देण्याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी झालेल्या निवडीबद्दल खाशाबा जाधव यांना तक्रार करावी लागली, पुन्हा चाचणी कुस्ती लढावी लागली, आणि तेथून गेलेल्या या मल्लाने 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. पहिल्या क्रमवारीवरच शिक्कामोर्तब झाले असते तर स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले नसते.

खानदेशातील नंबरांना पहिला मोठा धक्का बसला तो महाराष्ट्र केसरी स्पर्धेमुळे. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेची ही स्पर्धा 1961 साली औरंगाबादला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, 1962 मध्ये, ती धुळ्यात भरली. त्या वर्षी भगवान मोरे किताबाचे मानकरी ठरले. 1966 चे अधिवेशन जळगावला झाले आणि दीनानाथ सिंह विजेते ठरले. 1977 मध्ये चाळीसगावला भरलेली स्पर्धा मात्र अनिर्णित राहिली आणि त्या वर्षी किताब कोणाच्याच नावावर लागला नाही. पहिल्या सतरा वर्षांत तीनदा राज्यभरचे मल्ल खानदेशच्या मातीत उतरले, ही बाब या भागाच्या कुस्तीवेडाची साक्ष देते. परंतु या अधिवेशनांनी स्थानिक क्रमवारीचे तोकडेपणही उघड केले. गावच्या यात्रेत दोन नंबरला खेळणारा मल्ल कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याच्या मल्लासमोर नेमका कोठे उभा आहे, हे आता घराजवळच दिसू लागले. तालमीतल्या वादाला पहिल्यांदाच बाहेरचे माप मिळाले.

या मापाची भाषाही वेगळी होती. जिल्हा आणि राज्य पातळीवर वजनगट आले, आणि त्यांच्याबरोबर वजनकाटा आला. मनगट आणि मान चाचपून ठरणारी बरोबरी आता किलोत ठरू लागली. हळूहळू मातीशेजारी गादी, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांची मॅट, आली आणि गुणांची पद्धत रूढ झाली. आजच्या नियमांनुसार कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर 2 गुण मिळतात, त्याला वर्तुळाबाहेर ढकलले तर 1, आणि फ्रीस्टाइल प्रकारात 10 गुणांची आघाडी होताच तांत्रिक सरशीने निकाल लागतो. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात, म्हणजे 86 ते 125 किलो वजनाच्या मल्लांत, माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण यात्रेतून वर आलेल्या आणि संकुलात घडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या मल्लांना तिने एका शिडीवर आणले.

गुणपद्धतीने जुना एक अन्याय दूर केला, हे निर्विवाद आहे. चढाई करणाऱ्याचे श्रम आता कागदावर उतरतात आणि बरोबरीच्या नावाखाली नंबर राखता येत नाही. वर्गणीदाराच्या मुलाला काटा ओळखत नाही. परंतु क्रमवारी ठरवण्याची जागा मात्र गावापासून दूर गेली. ज्या मुलाला वर चढायचे होते त्याला गादीचा सराव हवा होता, आणि तो यात्रेच्या हौद्यात मिळत नव्हता. केळी आणि कापसाच्या पट्ट्यातली मुले पंधरा-सोळाव्या वर्षी पुणे-कोल्हापूरच्या तालमींत मुक्कामाला जाऊ लागली, महिन्याच्या खुराकाचा खर्च घरच्यांवर पडू लागला, आणि ज्यांना तो झेपला नाही त्यांची नावे क्रमवारीच्या चर्चेतूनच गळाली. अन्यायाने खाली छापला गेलेला मुलगा पूर्वी फडात फेरी तरी मारू शकत होता. पोहोचूच न शकलेल्या मुलाला फेरी मारायला जागा उरली नाही, आणि या हानीची दखल कुस्तीच्या इतिहासात फारच थोडी घेतली गेली आहे.

या पार्श्वभूमीवर चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांची वाटचाल पाहावी लागते. 2014 साली अहमदनगरला, 2015 साली नागपूरला आणि 2016 साली पुण्यात वारजे येथे त्यांनी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकली. त्यांच्याआधी अशी सलग तीन वर्षांची कामगिरी फक्त नरसिंग यादव यांनी, 2011 ते 2013 या काळात केली होती. ज्या चाळीसगावात 1977 चा किताब कोणालाच मिळाला नव्हता, त्याच तालुक्याच्या नावावर 37 वर्षांनी तो लागला आणि तीन वर्षे तेथेच राहिला. त्यांच्या घडणीचा मोठा काळ पुण्याच्या तालमीत गेला, हे लक्षात घेतले म्हणजे वर मांडलेल्या स्थलांतराचा अर्थ अधिक उमगतो. पुढे ते राज्याच्या पोलीस सेवेत अधिकारी झाले आणि 2023 साली कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. 2016 च्या अंतिम कुस्तीतील त्यांचे प्रतिस्पर्धी अभिजित कटके यांनी 2017 मध्ये भूगावला तोच किताब जिंकला. हरलेल्या मल्लाच्या नंबराकडेही तितक्याच बारकाईने का पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

या साऱ्या क्रमवारीत मुलींना जागाच नव्हती, हेही नोंदवायला हवे. महिलांची महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीत पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर 62 वर्षे गेली. जोड लावण्याची जुनी रीत मुलींच्या कुस्तीला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण पंचांच्या डोळ्यांत साठलेली मापे पुरुषांच्या अंगाची आहेत आणि तेथे वजनकाट्याचा आधार अधिक भरवशाचा ठरतो. फडात मुलींची जोड लावायची असेल तर पंचाला आधी वजन विचारावे लागते, मग कोणत्या तालमीत आणि किती वर्षे, आणि त्यानंतर त्याची नजर आपोआप कानाकडे जाते.